गिलगुल आणि तिक्कून : यहुदी गूढविचारातील पुनर्जन्माविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यहुदी परंपरेतही पुनर्जन्माचा विचार आहे हे कळल्यावर मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे साध्यापासून किचकटापर्यंत या क्रमाने घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे क्रमांक दिला आहे. बायबलमधील नावे मराठी बायबलमध्ये रूढ आहेत तशीच ठेवली आहेत.

१. यहुदी धर्मात खरोखरच पुनर्जन्म मानतात का?

काही यहुदी मानतात, काही मानत नाहीत, आणि दोन्ही बाजूंचे लोक तितकेच धर्मनिष्ठ असू शकतात. मध्ययुगीन तत्त्वज्ञ मैमोनिदेस (११३८–१२०४) यांनी सांगितलेल्या श्रद्धेच्या १३ तत्त्वांमध्ये मृतांचे पुनरुत्थान आहे. पुनर्जन्म मात्र नाही. रोजच्या मुख्य प्रार्थनेतही देव मेलेल्यांना जिवंत करतो असे म्हटले जाते, त्यांना पुन्हा जन्माला घालतो असे नव्हे. पुनर्जन्माची शिकवण आली ती कब्बाला या गूढविद्येच्या परंपरेतून. हसिदी या भक्तिप्रधान पंथाच्या अनुयायांत आणि मध्यपूर्वेतून आलेल्या अनेक समाजांत ती इतकी मुरली आहे की तिच्याविषयी वेगळा प्रश्नही कोणी विचारत नाही. उदारमतवादी यहुदी प्रवाहांत ती क्वचितच ऐकू येते. तेव्हा 'यहुदी धर्म पुनर्जन्म मानतो' हे विधान जितके अपुरे, तितकेच 'मानत नाही' हेही अपुरे आहे.

२. गिलगुल आणि तिक्कून हे शब्द सतत येतात. त्यांचा अर्थ काय?

गिलगुल म्हणजे फिरणे किंवा गडगडत जाणे, आणि येथे आत्म्याने एका देहातून दुसऱ्या देहात जाणे. तिक्कून म्हणजे दुरुस्ती: मोडलेले सांधणे, जागेवरून सरकलेले पुन्हा जागी बसवणे. कब्बालामध्ये गिलगुल हे साधन आहे आणि तिक्कून हे प्रयोजन. आत्मा पुन्हा जन्म घेतो, कारण त्याचे काही काम अर्धवट राहिलेले असते. शिक्षेची कल्पनाही या साहित्यात आहे, पण राहून गेलेल्या कामाची कल्पना तिच्यापेक्षा खोल जाते. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. बायबलमध्ये याचा उल्लेख कुठे आहे?

स्पष्ट उल्लेख कोठेही नाही, आणि तालमूद या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथातही नाही. कब्बालावादी मात्र काही वचने या अर्थाने वाचतात. 'एक पिढी जाते, दुसरी येते' हे उपदेशकाच्या पुस्तकातील वचन (१:४) घेऊन, येणारी पिढी म्हणजे गेलेलीच पिढी असे ते म्हणतात. ईयोबाच्या पुस्तकात देव माणसाच्या बाबतीत या गोष्टी दोनदा, तीनदा करतो असे म्हटले आहे (३३:२९), त्यावरून जन्मांची संख्या ठरते (प्रश्न ९ पाहा). बापाच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीला जाब विचारला जातो, या निर्गम पुस्तकातील वचनावर (३४:७) नातवाला आजोबाची शिक्षा का, हा आक्षेप फार जुना आहे. आजोबाच नातू होऊन आला असेल तर अन्याय उरत नाही, असे कब्बालावाद्यांचे उत्तर आहे. ही सगळी वाचने नंतरची आहेत आणि मूळ मजकुराचा तो सरळ अर्थ नव्हे, हे मान्य करूनही त्यांतील बुद्धिचातुर्याला दाद द्यावीशी वाटते.

४. मग ही कल्पना आली कधी आणि कुठून?

पहिला ठळक पुरावा विरोधकाचा आहे. बगदादमधील साआदिया गाओन (८८२–९४२) यांनी ९३३ सालच्या आपल्या तत्त्वज्ञानग्रंथात, 'यहुदी म्हणवणारे' काही लोक एकाचा आत्मा दुसऱ्यात जातो असे मानतात, अशी नोंद करून ते मत मूर्खपणाचे ठरवले आहे. म्हणजे दहाव्या शतकात ते मानणारे होते. त्यांचे स्वतःचे लेखन मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये 'बाहीर' हा ग्रंथ पुढे आला आणि त्यात चित्र पालटले. सज्जनाला दुःख का, या प्रश्नावर तेथे एक दृष्टांत येतो. एकाने द्राक्षमळा लावला आणि आंबट द्राक्षे आली. त्याने वेली उपटल्या, कुंपण घातले, जमीन साफ केली आणि पुन्हा लागवड केली. असे किती वेळा करायचे, असे विचारल्यावर उत्तर मिळते: हजार पिढ्यांपर्यंत.

तेराव्या शतकात स्पेनमधील गेरोना येथील नाखमानिदेस (११९४–१२७०) यांनी ईयोबावरील भाष्यात ही गोष्ट 'रहस्य' म्हणून केवळ सूचित केली. त्याच शतकाच्या अखेरीस कास्तील प्रांतात झोहर हा ग्रंथ प्रकट झाला, आणि त्यातील निर्गमाच्या २१व्या अध्यायावरील भागात एक म्हातारा गाढववाला विद्वानांना आत्म्याच्या फेऱ्यांविषयी पानेच्या पाने ऐकवतो. भारतातून किंवा ग्रीकांकडून ही कल्पना थेट उसनी घेतली गेली असा धागा अभ्यासकांना दाखवता आलेला नाही. 'बाहीर'च्याच काळात त्याच प्रदेशात पुनर्जन्म मानणारा काथार हा ख्रिस्ती पंथ होता. त्याच्याशी असलेले नातेही तर्काच्या पातळीवरच राहिले आहे.

५. इसाक लुरिया कोण होते आणि त्यांचे नाव इतके का घेतात?

कारण आज गिलगुल म्हणून जे सांगितले जाते त्यातील बरेचसे त्यांच्याकडून आलेले आहे. लुरिया (१५३४–१५७२) जेरुसलेममध्ये जन्मले, इजिप्तमध्ये वाढले आणि १५७० साली गालीलातील त्सफात या डोंगरगावी आले. स्पेनमधून १४९२ साली हाकलले गेलेल्या यहुद्यांचे वंशज तेथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले होते. धर्मशास्त्राचे संकलक योसेफ कारो आणि कब्बालाची पद्धतशीर मांडणी करणारे मोशे कोर्दोवेरो याच गावातले. लुरिया आले त्याच वर्षी कोर्दोवेरो वारले. लुरियांनी तेथे जेमतेम दोन वर्षे शिकवले, स्वतः फारसे काही लिहिले नाही, आणि ३८व्या वर्षी साथीच्या रोगाने ते गेले.

त्यांची शिकवण टिकली ती त्यांचे शिष्य हाईम विताल (मृत्यू १६२०, दमास्कस) यांच्यामुळे. वितालांच्या लेखनाची त्यांच्या मुलाने आठ 'दारां'त मांडणी केली. त्यातले आठवे 'शाआर हा-गिलगुलीम', म्हणजे पुनर्जन्मांचे दार. हा ग्रंथ वाचताना आपण तत्त्वज्ञान वाचत आहोत की एका गावाची वंशावळ, असा प्रश्न पडतो: अमुक विद्वान पूर्वी कोण होता, तमुक कोणाच्या मुळातला, कोणाचे कोणाशी का पटत नाही. विताल स्वतः पूर्वजन्मी मैमोनिदेसांचे भाष्यकार विदाल दे तोलोसा होते, असे गुरूने त्यांना सांगितले होते. हद्दपारीच्या आघातातून ही शिकवण जन्मली असे कब्बालाचे आधुनिक अभ्यासक गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांनी मांडले. मोशे इदेल यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांना हे कारण एवढे सरळ वाटत नाही, आणि शोलेम यांनी एका घटनेवर फार भार टाकला हे आम्हालाही पटते.

६. आत्म्याला दुरुस्तीची गरज का पडली? तो मोडला कधी?

लुरियांच्या मते दोनदा. पहिली मोडतोड सृष्टीच्या आरंभीची. दैवी प्रकाश ज्या पात्रांत ओतला गेला ती तो पेलू शकली नाहीत. ती फुटली, आणि प्रकाशाच्या ठिणग्या पात्रांच्या तुकड्यांसह खाली कोसळून 'क्लिपोत' म्हणजे टरफलांत अडकल्या. दुसरी मोडतोड आदामाची. सर्व मानवी आत्मे आदामाच्या एकाच विराट आत्म्यात सामावलेले होते, कोणी डोक्यात, कोणी खांद्यात, कोणी टाचेत. त्याने पाप केले तेव्हा तो आत्माही विखुरला. म्हणून प्रत्येक माणसाचा आत्मा कोणत्या तरी 'मुळा'चा अंश आहे, आणि एकाच मुळाचे आत्मे एकमेकांना जबाबदार आहेत. माझे अडलेले काम माझ्या मुळातला दुसरा कोणी पुरे करू शकतो आणि माझ्या चुकीने त्याचे अडू शकते. वितालांच्या नोंदींत आदामाच्या मुलांची, काइनाचे मूळ आणि हाबेलाचे मूळ यांची मोजदाद पानोपानी आहे. विताल स्वतः काइनाच्या मुळातले.

७. जन्म नेमका कशाचा होतो? आत्मा एक आहे की अनेक?

आत्म्याचे पाच थर मानले आहेत: नेफेश, रुआख, नेशामा, खाया आणि येखिदा. नेफेश सर्वांत खालचा, कृतीशी जोडलेला. येखिदा सर्वांत वरचा. सामान्य माणूस नेफेश घेऊन जन्मतो, तो शुद्ध झाला की रुआख मिळतो, मग नेशामा. व्यवहारात अडचण अशी की हे थर एकाच वेगाने दुरुस्त होत नाहीत. नेफेश दुरुस्त झाला आणि रुआख बिघडला, तर रुआखला दुरुस्तीसाठी दुसऱ्या देहात, दुसऱ्या कोणाच्या तरी नेफेशच्या सोबतीने यावे लागते. 'मी मागच्या जन्मी अमुक होतो' हे वाक्य त्यामुळे कब्बालात क्वचितच सरळ असते. माझा एक थर एकाकडून आणि दुसरा थर दुसऱ्याकडून आलेला असू शकतो. पुनरुत्थानाच्या वेळी यातून जो पेच होतो तो प्रश्न २० मध्ये आहे.

८. हा आपला कर्मसिद्धांतच झाला ना?

साम्य वरवरचे नाही, पण दिशा वेगळी आहे. भारतीय परंपरांत मते अनेक असली तरी आपल्याकडची रूढ समजूत अशी की केलेले कर्म भोगल्याशिवाय सुटका नाही, आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हेच अंतिम श्रेय. लुरियांच्या विचारात जगातून सुटायचे नसून जगच दुरुस्त करायचे असते. फेरा अनादि-अनंत नाही. त्याला इतिहासात शेवट आहे, आणि सर्व आत्मे नीट झाले की मसीहा येतो. कर्मफळाचा नियमही आपोआप चालत नाही. मध्ये न्याय करणारा देव आहे, आणि 'तेशुवा' म्हणजे मनापासूनचा पश्चात्ताप व परतणे याच जन्मात मागचे खाते मिटवू शकते. आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फरक प्रश्न ६ मधला: येथे एकट्याची मुक्ती पूर्ण होऊच शकत नाही, कारण एकटा असा आत्मा मुळातच नाही.

९. एकूण किती जन्म मिळतात?

ईयोबातील 'दोनदा, तीनदा' या शब्दांवरून नेहमीचे उत्तर तीन असे आहे: पहिल्या जन्मानंतर आणखी तीन संधी. त्या तिन्हींत काडीचीही सुधारणा झाली नाही तर त्या आत्म्याचा तो भाग तोडला जातो. पण थोडी जरी दुरुस्ती झाली असेल तर ही मर्यादा लागू होत नाही, आणि आत्मा 'हजार पिढ्या' येत राहू शकतो. म्हणजे तीनची मर्यादा निर्ढावलेल्यांसाठी आहे. सज्जनांचे जन्म अधिक, हे ऐकायला उलटे वाटते. तो जन्म शिक्षेचा नसून कामाचा आहे हे लक्षात घेतले की कोडे सुटते.

१०. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, ६१३ आज्ञा आहेत. एका माणसाला त्या सगळ्या पाळणे शक्यच नाही, मग कोणाचाच फेरा संपणार नाही?

हा आक्षेप लुरियांच्या वर्तुळातही उठला होता. २४८ अवयव आणि ३६५ स्नायू-शिरा मिळून देह ६१३ भागांचा, तसाच आत्माही, आणि प्रत्येक आज्ञा एकेक भाग नीट करते, अशी मूळ मांडणी आहे. त्यावर अपवाद लावले गेले. जेरुसलेमचे मंदिर आता नसल्याने जे यज्ञविधी आज होऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी कोणी परत येत नाही. काही आज्ञा प्रसंग आला तरच पाळता येतात: उदाहरणार्थ, पहिल्या मुलाला पुरोहिताकडून सोडवून घेण्याची, किंवा निपुत्रिक भावाच्या विधवेशी विवाहाची. अशा राहिल्या तर पूर्ण जन्म घ्यावा लागत नाही. तो प्रसंग ज्याच्यावर आला आहे अशा जिवंत माणसात तात्पुरते येऊन काम भागते (प्रश्न ११). मात्र शक्य असूनही टाळलेल्या आज्ञेसाठी पुन्हा जन्म अटळ आहे.

११. इब्बूर आणि दिब्बूक यांत फरक काय? आपल्याकडे अंगात येते तसेच हे आहे का?

इब्बूर म्हणजे गर्भधारणा. मृत सज्जनाचा आत्मा जिवंत माणसाच्या आत्म्याशेजारी काही काळ वस्तीला येतो, कधी स्वतःचे राहिलेले एखादे काम उरकायला, कधी यजमानाला बळ द्यायला. ते झाले की निघून जातो. यजमानाला बहुधा पत्ताही लागत नाही. त्यामुळे अंगात येण्याशी त्याची तुलना जुळत नाही.

दिब्बूकची जुळते. इतका पापी आत्मा की त्याला गेहिन्नोमचे, म्हणजे शुद्धीच्या नरकाचेही दार उघडत नाही. संहारक देवदूत त्याला पिटाळत असतात आणि आसऱ्यासाठी तो कोणाच्या तरी देहात शिरतो. हा शब्द सतराव्या शतकानंतर रुळला, पण अशा घटनांची वर्णने सोळाव्या शतकातल्या त्सफातमध्ये आढळतात. तेथील विधीत आत्म्याला नाव विचारतात, कोणते पाप केले ते वदवून घेतात, आणि पायाच्या करंगळीतून बाहेर पडण्याची आज्ञा देतात, कारण दुसरीकडून निघाल्यास झपाटलेल्याला इजा होईल अशी भीती असते. त्याला नुसते हुसकावत नाहीत, त्याच्यासाठी प्रार्थनाही करतात. तोही दुरुस्तीला आलेला आत्माच आहे, हे मांत्रिकही विसरत नाही.

१२. माणसाचा आत्मा प्राणी, झाड किंवा दगडात जातो असेही मानतात का?

झोहरच्या मुख्य भागात हा विचार ठळक नाही, पण काही मध्ययुगीन कब्बालावाद्यांनी तो मांडला आणि वितालांच्या ग्रंथात तो पूर्ण विस्तारला: दगड, वनस्पती, प्राणी आणि मग माणूस अशी चढण. त्यातील लाबान, बलाम आणि नाबाल यांची साखळी प्रसिद्ध आहे. याकोबाला फसवणारा लाबान पुढे शापविद्येचा जाणकार बलाम झाला. बलामाचे पाप जिभेचे, आणि जिभेच्या पापाला दगडाचा जन्म; म्हणून तो आधी मुक्या दगडात गेला, नंतर दावीदाला अपमानास्पद उत्तर देणारा श्रीमंत नाबाल झाला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (२५:३७) बायकोकडून घडलेली हकीकत ऐकताच नाबालाचे काळीज जागीच मेले आणि 'तो दगडासारखा झाला' असे आहे. विताल म्हणतात, पुन्हा तोच जन्म येतो की काय, या आठवणीने तो हादरला. बायबलमधील एका साध्या उपमेवर उभे राहिलेले हे वाचन चांगल्या कथाकाराला शोभेल असे आहे.

या समजुतीचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. खाण्याआधी आशीर्वचन म्हटले की अन्नातला अडकलेला अंश वर उचलला जातो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हसिदी लोकांनी कत्तलीच्या सुऱ्यांना विशेष तीक्ष्ण धार हवी असा आग्रह धरला, त्याचे एक कारण असे सांगितले जाते की जनावरात कोणाचा तरी आत्मा असेल तर सदोष सुरीने त्याची वाट अडेल. सज्जन मासे होऊन येतात, कारण माशाला सुरी लावून विधिपूर्वक मारावे लागत नाही. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाच्या, जेवणात मासे हवेत याला हेही एक कारण दिले जाते.

१३. स्त्रियांचा पुनर्जन्म होतो का?

वितालांचे उत्तर आजच्या वाचकाला खटकेल. त्यांच्या मते पुरुषांना तोरा-अध्ययनाची आज्ञा आहे, आणि त्या अध्ययनामुळे गेहिन्नोमची आग त्यांना लागत नाही, म्हणून त्यांची शुद्धी पुन्हा जन्मूनच होते. स्त्रियांची शुद्धी गेहिन्नोममध्ये होऊ शकते, तेव्हा त्यांना परत येण्याची गरज नसते. तरीही पतीच्या सोबतीसाठी त्या येऊ शकतात, आणि पुरुषाचा आत्मा स्त्रीदेहात जन्मल्याचीही उदाहरणे दिली आहेत. वितालांची पत्नी हान्ना ही पूर्वजन्मी प्राचीन काळचे थोर धर्मगुरू रब्बी अकिवा यांचे सासरे कालबा सावुआ होती, असे त्यांनी गुरूच्या हवाल्याने लिहून ठेवले आहे. नियम पुरुषांच्या अध्ययनशाळेत बनला आणि अपवाद घरातच निघाला, एवढे मात्र दिसते.

१४. यहुदी नसलेल्यांचे काय?

या ग्रंथांचा रोख जवळजवळ पूर्णपणे इस्राएलच्या आत्म्यांवर आहे. लुरियांच्या साहित्यात इतर राष्ट्रांचे आत्मे टरफलांच्या (प्रश्न ६) बाजूचे आहेत, अशी कठोर विभागणीही आढळते. ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. त्याच साहित्यात असेही आहे की पवित्र ठिणग्या सर्व राष्ट्रांत विखुरल्या आहेत, आणि यहुद्यांची पांगापांग त्या गोळा करण्यासाठीच झाली.

१५. निपुत्रिक माणसाचा या विचारात इतका उल्लेख का येतो?

बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात नियम आहे की भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशी दिराने विवाह करावा आणि पहिल्या मुलाने मृताचे नाव चालवावे. कब्बालावाद्यांनी 'नाव चालवणे' शब्दशः घेतले: तो मुलगा म्हणजे मेलेला भाऊच. सर्वांत जुन्या चर्चा याच विषयाभोवती फिरतात. यहूदाचे एर आणि ओनान हे मुलगे मेले. पुढे त्यांची विधवा तामार हिला सासरा यहूदा याच्यापासून जुळे झाले, पेरेस आणि जेरह, आणि ते म्हणजे परत आलेले एर-ओनान. रूथच्या गोष्टीत विधवा रूथ आणि तिचा दुसरा पती बवाज यांना ओबेद झाला तेव्हा शेजारणी म्हणतात, 'नामीला मुलगा झाला' (४:१७). मूल तर रूथचे. मग तिची सासू नामी हिला का? कब्बालावादी सांगतात, कारण ओबेद हा नामीचा मेलेला मुलगा, रूथचा पहिला पती महलोनच होता. प्रत्यक्षात हा विवाह आता होत नाही. इस्राएलच्या प्रमुख रब्बींनी १९५० साली तो थांबवून विधवेला मोकळे करण्याचा 'हलित्सा' हा विधीच करावा असे ठरवले.

१६. निष्पाप मुले का दगावतात, याचे उत्तर गिलगुल देतो का?

देऊ पाहतो. ज्या आत्म्याची अगदी थोडी दुरुस्ती उरली असेल तो तेवढ्यापुरता येतो आणि परततो, असे सांगितले जाते. शोकात असलेल्या आईवडिलांना यातून आधार मिळतो हे नाकारता येत नाही. परंतु स्वतःच्या दुःखाला लावलेला अर्थ वेगळा आणि दुसऱ्याच्या दुःखाला आपण लावलेला अर्थ वेगळा. २००० साली इस्राएलचे माजी सेफार्दी (मूळ स्पेनकडील परंपरेच्या यहुद्यांचे) प्रमुख रब्बी ओवादिया योसेफ यांनी एका प्रवचनात, नाझींनी मारलेले साठ लाख यहुदी हे पूर्वी पाप केलेल्या आत्म्यांचे पुनर्जन्म होते, असे म्हटले. इस्राएलमध्ये संतापाची लाट उसळली, आणि मारले गेलेले सर्व पवित्र होते असा खुलासा त्यांना करावा लागला. सिद्धांताच्या चौकटीत त्यांचे वाक्य नवे नव्हते. म्हणूनच ती चौकट दुसऱ्याच्या जखमेवर ठेवताना किती क्रूर होऊ शकते हे तेव्हा उघड झाले.

१७. माझा मागचा जन्म कोणता, हे कळू शकते का?

लुरिया माणसाच्या कपाळावरची अक्षरे वाचून त्याचे मूळ सांगत, असे त्यांचे शिष्य सांगतात. तसा वाचणारा आज नाही, असे परंपरेतलेच लोक म्हणतात, त्यामुळे पैसे घेऊन पूर्वजन्म सांगणाऱ्यांपासून जपून राहिलेले बरे. व्यवहार्य उत्तर 'विल्नाचे गाओन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्वानाचे (१७२०–१७९७). योनाच्या पुस्तकाकडे ते परत धाडलेल्या आत्म्याचे रूपक म्हणून पाहतात, आणि दोन खुणा देतात: कोणत्या पापात आपण वारंवार घसरतो, आणि कोणत्या पापाची आपल्याला सर्वांत जास्त ओढ वाटते. काम तेथेच राहिलेले आहे. मागच्या जन्मीचे नाव कळण्याची गरजच उरत नाही.

उलट टोकाची आख्यायिका हसिदी परंपरेत आहे. आप्टचे रब्बी अब्राहाम योशुआ हेशेल (मृत्यू १८२५) आपले अनेक जन्म आठवत असल्याचे सांगत. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्राचीन प्रमुख याजकाच्या विधीचे वर्णन वाचताना 'आणि तो असे म्हणत असे' या शब्दांऐवजी ते म्हणत, 'आणि मी असे म्हणत असे.'

१८. तिक्कूनसाठी प्रत्यक्षात काय करतात? समाजसेवेला 'तिक्कून ओलाम' म्हणतात तेच हे का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी. 'जगाची दुरुस्ती' हा शब्दप्रयोग मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहात कायद्याच्या संदर्भात येतो: कैद्यांना त्यांच्या किमतीपेक्षा जास्त खंडणी देऊन सोडवू नये, कारण त्याने अपहरणाला उत्तेजन मिळेल, अशा नियमांचे ते कारण आहे. सामाजिक न्याय हा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. लुरियांचे तिक्कून या दोन्हींहून वेगळे. ते आज्ञापालन, प्रार्थनेतील एकाग्रता आणि पश्चात्ताप यांतून वरच्या जगांत घडते.

प्रत्यक्षात त्सफातच्या वर्तुळात मध्यरात्री उठून मंदिराच्या विध्वंसाचा शोक करत, सज्जनांच्या थडग्यांपाशी विशिष्ट ध्यान करत, आणि पापानुसार ठरावीक संख्येचे उपवास करत. यांतले बरेच आता थोड्यांपुरते उरले आहे. सर्वसामान्यांच्या हाती राहिली ती झोपण्यापूर्वीची एक छोटी प्रार्थना. ज्याने मला चिडवले, दुखावले, माझ्या देहाचे, मालमत्तेचे किंवा अब्रूचे नुकसान केले, चुकून केले वा जाणूनबुजून, 'या गिलगुलमध्ये वा दुसऱ्या गिलगुलमध्ये', त्या सर्वांना मी क्षमा करतो, असे ती म्हणते. अनेक छापील प्रार्थनापुस्तकांत ती आहे, आणि पुनर्जन्माविषयी कधीही विचार न केलेले लोकही ती रोज म्हणतात.

१९. महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजात ही शिकवण आहे का?

कोकणातल्या बेने इस्राएलांची जुनी परंपरा शब्बाथ, सुंता, 'शमा' ही प्रार्थना आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याची भक्ती यांवर उभी होती. मलिद्याच्या विधीत आजही एलियाहूचेच नाव घेतले जाते. कब्बालाचे अध्ययन तिच्या केंद्रस्थानी नव्हते. मुंबई-पुण्यात एकोणिसाव्या शतकात स्थिरावलेल्या बगदादी यहुद्यांचे तसे नव्हते. ते ज्यांच्याकडे धर्मशास्त्रीय शंका पाठवत ते बगदादचे रब्बी योसेफ हाईम (१८३५–१९०९) कायदा आणि कब्बाला एकत्रच शिकवत.

या शहरांचा कब्बालाशी असलेला खरा दुवा पुण्यातला आहे. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे सदस्य असलेले बगदादी यहुदी अब्राहाम डेव्हिड इझिकेल यांनी १८८७च्या सुमारास झोहरमधील 'इद्रा झुता' हा अतिशय गूढ भाग यहुदी-अरबी भाषांतरासह पुण्यात छापला. अशा गोष्टी सर्वांसमोर उघड करू नयेत म्हणून बगदादच्या रब्बींनी आक्षेप घेतला आणि वाद पेटला. थिऑसॉफिस्टांना पुनर्जन्म व कब्बाला या दोन्हींचे आकर्षण होते, त्यामुळे हा वाद पुण्यात उद्भवला यात नवल नाही.

२०. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान दोन्ही मानले तर, शेवटी आत्मा कोणत्या देहात उठणार?

विरोधकांना हा प्रश्न फार आवडे. साआदियांचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा होता: निष्पापांच्या दुःखाची भरपाई येणाऱ्या जगात होते, त्यासाठी मागचा जन्म कल्पावा लागत नाही. पुढेही वाद थांबले नाहीत. क्रीटमधील कांदिया येथे १४६६ साली मिखाएल बाल्बो आणि मोशे आश्केनाझी यांच्यात गिलगुलवर लेखी वादविवाद झाला. सतराव्या शतकात व्हेनिसच्या लिओन मोदेना यांनी विरोधात लिहिले, तर अॅम्स्टरडॅमच्या मनश्शे बेन इस्राएल यांनी १६५१ साली समर्थनार्थ मोठा ग्रंथ छापला.

देहांच्या पेचावर झोहरचे उत्तर कडक आहे: ज्या देहाने फळ दिले नाही तो वाळलेल्या झाडासारखा, शेवटचा नीट रुजलेला देहच उठेल. लुरियांच्या शिष्यांनी प्रश्न ७ मधील थरांचा आणि ठिणग्यांचा आधार घेऊन ते सौम्य केले. ज्या देहात आत्म्याचा जो अंश दुरुस्त झाला, तो अंश त्या देहाचा. म्हणजे एका आत्म्याचे पाच जन्म झाले असतील तर पाचही देह उठतील, प्रत्येक जण आपल्या वाट्याचा अंश घेऊन. आणि ज्या देहाच्या हातून एकही आज्ञा पुरी झाली नाही, तेवढाच मातीत राहील.